गालातला चट्टा आणि खर्रा: या चुका टाळा

"डॉक्टर, तंबाखू नाही, मी फक्त सुपारी खातो." नागपुरात दातांचा दवाखाना चालवायचा तर हे वाक्य रोज ऐकावं लागतं. तंबाखू नसली तरी सुपारी एकटीच कर्करोग घडवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे २००४ मध्येच सांगितलंय. सुपारीने गालाचं आतलं अस्तर हळूहळू ताठ होतं, तोंड उघडेनासं होतं. नेहमीचा सावजी रस्सा अचानक झोंबायला लागला की मी आधी खर्ऱ्याचंच विचारतो. खर्ऱ्यात तर सुपारी, तंबाखू आणि चुना तिन्ही. पन्नीवर घोटलेली ती पुडी एकाच गालात तासन्‌तास दाबायची, मग वर्षानुवर्षं तिथल्याच पेशींच्या डीएनएत बिघाड साठत जातो. चट्टा, मग जखम, मग मानेत गाठ. दरवेळी याच क्रमाने होईल असं नाही, चट्ट्याशिवायही कर्करोग होतो.

माझा खरा राग मात्र तोंड आल्यावर लावायच्या जेलवर आहे. एक ऑटोवाले काका आले, डाव्या गालात जखम. मेडिकल स्टोअरमधून तोंड आल्याची ट्यूब आणून महिनोन्‌महिने लावत होते. "लावलं की बरं वाटते ना!" वाटणारच, त्यात बधिर करणारं औषध असतं. बोट लावून पाहिलं तर जखमेची कड टणक. तुकडा काढून तपासू म्हटलं, तर शेजाऱ्यांनी सांगितलेलं, "सुरी लागली की पसरते." पसरत नाही हो! तपासणीशिवाय निदानच होत नाही. ते गेले आणि परत आले तेव्हा आजार जबड्याच्या हाडात शिरला होता. अर्धा जबडा काढावा लागला.

दुखत नाही म्हणजे काही नाही, हाही भ्रमच. सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. गालाला टोचणारा दात डॉक्टरांकडून घासून गुळगुळीत करून घ्या. खर्रा सोडून मशेरी धरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, वेळ जातो. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून "कॅन्सर तर नाही ना?" विचारणाऱ्यांना उत्तरही देत नाही.

माझी स्वतःची सवय सांगतो. रविवारी दाढी करताना आरशात गाल ओढून बघायचे, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा बघायच्या, तीन बोटं उभी तोंडात जातात का पाहायचं. दोन आठवड्यांत न भरलेली जखम थेट दाखवायची. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे तपासून मिळतं. जाताना वाटेत पानठेल्यावर थांबू नका; खर्ऱ्याने भरलेल्या तोंडात चट्टा दिसत नाही.