हॉट योगा करून गरगरत असेल तर

तापवलेल्या खोलीत आसन करता करता डोळ्यांपुढे काजवे चमकले, कानांत दडे बसल्यासारखं झालं किंवा तोंडाला पाणी सुटून मळमळायला लागलं, तर आसन सोडा, खाली बसा आणि रांगत का होईना, खोलीबाहेर या. काही वर्गांत ‘काहीही झालं तरी खोली सोडायची नाही, मॅटवर पडून राहा’ असा दंडक असतो. नुसतं दमायला झालं असेल तर तो ठीक आहे, भोवळ येत असेल तर नाही. आडवं झाल्यावर मेंदूला रक्त पोचतं हे खरं, पण खोलीची हवा तुमच्या अंगापेक्षा गरम असते. तिथे पडल्यापडल्याही शरीर तापतच राहतं.

‘शरीरातली विषं बाहेर पडताहेत, म्हणून त्रास होतोय’ हे वाक्य सरळ कानाआड करा. घाम म्हणजे पाणी आणि मीठ, बाकी सगळं नावापुरतं. शरीरातला कचरा काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि पाणी कमी पडलं की मूत्रपिंडांचंच काम अडतं.

पहिली पंधरा मिनिटं

पंख्याखाली किंवा एसीत उताणं झोपा. पाय खुर्चीवर किंवा लोडावर टाकून फूटभर वर ठेवा. घट्ट कपडे सैल करा. पंचा साध्या पाण्यात भिजवून मान, काखा आणि जांघांवर ठेवा, तो गरम झाला की पुन्हा भिजवा. कपाळावर ओली घडी ठेवून बरं वाटतं, पण तेवढ्याने अंग थंड होत नाही. उलटी येईल असं वाटलं तर कुशीवर वळा. मळमळ ओसरेपर्यंत पाणी घटाघटा पिऊ नका, नाहीतर आत गेलेलं तसंच बाहेर येईल. दोन-दोन मिनिटांनी एक-दोन घोट पुरेत.

बरं वाटलं की आधी दोन मिनिटं बसा, मगच भिंतीला धरून उभे राहा. अंघोळ करायची तर स्टुलावर बसून, साध्या पाण्याने. कढत पाणी अजिबात नको: उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आधीच फुगलेल्या असतात, त्या आणखी फुगल्या की बाथरूममध्येच पडायला होतं. पूर्ण ठीक वाटल्यावरही किमान अर्धा तास दुचाकीला किल्ली लावू नका.

मुंबईत किंवा कोकणात मे महिन्यात खोलीबाहेरची हवाही इतकी दमट असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. तिथे नुसतं दाराबाहेर उभं राहून भागणार नाही, पंखा किंवा एसी हवाच. लंडन किंवा न्यू जर्सीच्या हिवाळ्यात उलट काळजी: ओल्या कपड्यांनी थेट रस्त्यावर जाऊ नका, आतच कपडे बदला.

ही लक्षणं दिसली तर घरगुती उपाय बंद

माणूस असंबद्ध बोलतोय, चिडतोय, झोकांड्या खातोय, त्याला झटके येताहेत किंवा तो शुद्धीत नाही, तर तो उष्माघात समजा. अशा वेळी शरीराच्या आतलं तापमान बहुधा ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं. काखेत थर्मामीटर लावून खात्री करत बसू नका, घामेजलेल्या कातडीवर तो कमीच दाखवतो. त्यापेक्षा प्रश्न विचारा: आज वार कोणता, चपला कुठे काढल्यात? उत्तर चुकलं किंवा आलंच नाही, तर वेळ दवडू नका. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज घातक आहे. व्यायामाने होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असू शकतो.

महाराष्ट्रात १०८ ला फोन करा (११२ सगळ्या देशात चालतो), आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून न राहता गार करायला लागा. बादल्यांनी किंवा शॉवरने सगळं अंग भिजवा, जोराने वारा घाला, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघांत ठेवा. मोठा टब असेल तर गार पाण्यात गळ्यापर्यंत बसवणं सगळ्यांत प्रभावी, मात्र डोकं धरायला माणूस हवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी, सरबत, काहीही घालू नका. पॅरासिटामॉल इथे काम करत नाही, कारण हा तापाचा आजार नसून अंगात साचलेली उष्णता आहे.

छातीत दुखणं, धाप न थांबणं, क्षणभर शुद्ध हरपून लगेच परत येणं, कोकाकोलाच्या रंगाची लघवी, यांपैकी काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठा. साधी चक्कर-मळमळही तासाभरात ओसरली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

त्रास नेमका कशाचा आहे?

बिक्रम पद्धतीच्या (हॉट योगाचा सगळ्यांत प्रसिद्ध प्रकार) वर्गात खोली १०५ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ४०.६ अंश सेल्सिअस, आर्द्रता ४० टक्के आणि वेळ ९० मिनिटं असते. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइझ या व्यायामविषयक संस्थेने २०१५ मध्ये अशा वर्गातल्या २० जणांच्या शरीराच्या आतलं तापमान मोजून घेतलं, तेव्हा एकाचं १०४ फॅरनहाइटच्या (४० सेल्सिअस) वर गेलं होतं. तो काही आजारी नव्हता. त्यामुळे ‘मी तर फिट आहे’ ही ढाल इथे चालत नाही. या उष्णतेतून होणारे त्रास एका साच्याचे नसतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला अपायकारक ठरू शकतो.

उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते आणि झोपलं की लगेच बरं वाटतं: रक्त कातडीकडे आणि पायांकडे उतरलंय, त्यात पाणी कमी झालंय. घरी तपासायचं तर पाच मिनिटं झोपून नाडी मोजा, मग आधाराने एक मिनिट उभं राहून पुन्हा मोजा. ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त वाढले तर अजून पाणी आणि मीठ भरून निघालेलं नाही. मोजताना चक्कर आली तर लगेच खाली बसा.

ओठ आणि बोटं झिणझिणतात, डोकं हलकं होतं आणि हे नेमकं शेवटच्या कपालभातीनंतर: जोरजोरात श्वास सोडून रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालाय. नाकाने सावकाश श्वास घ्या, पाचेक मिनिटांत जातं. तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय करू नका.

उष्ट्रासनानंतर मळमळतं, ही तक्रार फार जणांची. डोकं पूर्ण मागे टाकायचं आणि लगेच पुढच्या शशांकासनात खाली घालायचं, यात रक्तदाब आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा दोन्ही गोंधळतात. पोटात अन्न असेल तर बघायलाच नको. दोन आसनांमध्ये तीस सेकंद वज्रासनात बसा आणि उष्ट्रासनात मान मागे न टाकता नजर समोर ठेवा. पण रात्री कूस बदलताना खोली फिरल्यासारखी वाटत असेल, तर त्यात हॉट योगाचा दोष कमी आणि कानाचा जास्त. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

पोटरीत गोळे येतात: पाय सरळ करून पंजा स्वतःकडे ओढा, वीस-तीस सेकंद धरा, मग हलक्या हाताने चोळा आणि खारट काहीतरी प्या. दर वेळी केळं खाऊन प्रश्न सुटत नाही, कारण घामातून पोटॅशियमपेक्षा सोडियम कितीतरी जास्त जातं.

राहिला तो उलटा प्रकार, आणि त्याच्याबद्दल कुणी सांगत नाही. वर्गाआधी, वर्गात आणि नंतर मिळून तीन-चार लिटर साधं पाणी प्यायलं, पोट डबडबलंय, बोटातली अंगठी घट्ट झालीय, डोकं ठणकतंय, उलट्या होताहेत आणि वजन वर्गाआधीपेक्षा जास्त भरलंय. इथे पाणी कमी नाही, रक्तातलं सोडियम पातळ झालंय. पाणी लगेच थांबवा. डोकेदुखी आणि उलट्या चालूच राहिल्या किंवा गुंगी आली तर थेट हॉस्पिटल, आणि किती पाणी प्यायलं ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा माणसाला ‘अजून पाणी पी’ म्हणून आग्रह करणं धोक्याचं आहे.

काय प्यायचं आणि किती

अंदाज नको, वजनकाटा वापरा. वर्गाआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी आणि कोरड्या कपड्यांत वजन करा (घामाने चिंब टी-शर्टचं वजन मोजण्यात अर्थ नाही). जितके किलो घटले, त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पुढच्या तीन-चार तासांत प्यायचं. ६२ चे ६०.८ झाले तर १.२ किलो गेले, म्हणजे दीड ते पावणेदोन लिटर, तासाला साधारण अर्धा लिटर. वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट झाली असेल तर पुढच्या वेळी वर्गातच जास्त प्यायला हवं.

नुसतं पाणी पोटात थांबत नाही, लघवीवाटे निघून जातं. त्याला धरून ठेवायला मीठ लागतं. घरचं मिश्रण: उकळून गार केलेलं १ लिटर पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, ५ मिलिलिटरचा. ‘सपाट’ हा शब्द गंभीरपणे घ्या, शिगोशीग चमच्याने मीठ दुप्पट होतं. लिंबू पिळा, चालेल. ओआरएसची पुडी आणली तर पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात ती पूर्ण रिकामी करा, अर्धी आज अर्धी उद्या नको. टेट्रापॅकमधली गोडमिट्ट पेयं ओआरएस समजून घेऊ नका. घटकांत सोडियम किती आणि साखर किती ते वाचा.

ताक सगळ्यांत सोपं: मोठा पेला, साधारण ३०० मिलिलिटर, त्यात पाव चमचा मीठ. तेवढ्यात जवळपास ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. कोकम सरबत किंवा पन्हं चालेल, मीठ विसरू नका. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून वर चिमूटभर मीठ. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी हे मिठाचं गणित आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. दारू त्या दिवशी नको, आदल्या रात्रीचीही अंगावर येते.

लघवी फिकट पिवळी होईपर्यंत चालू ठेवा. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेत असाल तर रंग तसाही गडद पिवळा दिसतो, त्यावर विसंबू नका.

डोकं दुखत राहिलं तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, तेही आधी पाणी-मीठ पोटात गेल्यावर. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नको. पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात, आणि आपल्याकडच्या कित्येक ‘अंगदुखीच्या’ गोळ्यांत त्या असतात. जेवायला मऊभात किंवा मुगाची खिचडी, तूप, मीठ, लिंबू. मिसळ उद्या.

मधुमेह असेल आणि औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर गरगरताना पहिल्यांदा साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.

पुढच्या वर्गाला जाण्याआधी

साध्या चक्करीनंतर एक-दोन दिवस, पूर्ण ताजंतवानं वाटेपर्यंत थांबा. उष्माघात झाला असेल तर किमान एक आठवडा, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. शरीराला उष्णतेची सवय व्हायला सात ते चौदा दिवस लागतात. महिनाभर खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. पहिल्या वर्गात वीस-तीस मिनिटांनी बाहेर या, पुढच्या वेळी दहा मिनिटं वाढवा. मॅट दाराजवळ टाका. हीटरच्या झोताखाली आणि शेवटच्या कोपऱ्यात हवा सगळ्यांत कोंदट असते.

जेवण दोन-तीन तास आधी, दोन तास आधी अर्धा लिटर पाणी, वर्गात पंधरा-वीस मिनिटांनी शंभर-दीडशे मिलिलिटर. संकष्टीला किंवा एकादशीला, दिवसभर साबुदाण्यावर काढून संध्याकाळी हा वर्ग नको. ताप, जुलाब किंवा जागरण झालं असेल तेव्हाही नको. गरम खोलीत अंग नेहमीपेक्षा जास्त वाकतं, म्हणून आपल्या रोजच्या हद्दीच्या थोडं अलीकडेच थांबा. दुसऱ्या दिवशी स्नायूऐवजी सांध्याच्या आत दुखतंय म्हणजे ती हद्द ओलांडली होती.

लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या गोळ्या), लिथियम (मनोविकारावरचं औषध), डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या, सर्दीची काही औषधं आणि नैराश्यावरची काही औषधं शरीराचं पाणी, घाम किंवा नाडी बदलतात. ती मनाने बंद करू नका, वर्गाला जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात, हृदयविकारात, फिट्स येत असतील तर किंवा आधी उष्माघात होऊन गेला असेल तर साध्या खोलीतलीच आसनं करा. आणि नागपूरच्या मे महिन्यात वेगळी खोली तापवायची गरजच नसते. तिथे सकाळी सहाला पंख्याखाली केलेला तासही पुरेसा घाम काढतो.