डबल बेस शिकताना: आधी उभं राहणं, मग डावा हात

डबल बेस, म्हणजे व्हायोलिनसारखं पण भलंमोठं, जमिनीवर टेकवून वाजवायचं तारवाद्य, शिकायला लागलेल्या नवख्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: डाव्या हाताचा अंगठा भरून येतो. मग तो बोटांचे व्यायाम शोधायला लागतो. वाजवताना आणि इतरांना शिकवताना मला एक गोष्ट पक्की पटली आहे. हे दुखणं बहुतेक वेळा उभं राहण्यातून येतं. वाद्य अंगाला नीट टेकलेलं नसतं, ते पडू नये म्हणून डावा हात मान धरून ठेवतो आणि त्याच हाताला सूरही दाबायचे असतात. दोन्ही कामं त्याला एकदम झेपत नाहीत.

म्हणून आधी एंडपिन, म्हणजे वाद्याच्या तळाची, लांबी कमी-जास्त करता येणारी दांडी. सरळ उभं राहिल्यावर नट (मानेच्या वरच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) साधारण भुवयांच्या आसपास यावा, असा अंदाज सगळेच सांगतात. खरी उंची मात्र उजवा हात ठरवतो. हात खांद्यातून सैल सोडल्यावर बो (गज) हा ब्रिज (तारांखालची घोडी) आणि फिंगरबोर्डचं (मानेवरची, तारा जिच्यावर दाबायच्या ती पट्टी) टोक यांच्या मधोमध तारेवर पडला पाहिजे. त्यासाठी वाकावं लागत असेल तर पिन वाढवा, खांदा वर चढत असेल तर कमी करा. मग वाद्याचं तोंड किंचित आपल्या उजवीकडे वळवा, म्हणजे मागची कड पोटाच्या डाव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या आत टेकते. डावा पाय जरा पुढे, गुडघा वाद्याच्या पाठीला हलकेच लागलेला. आता दोन्ही हात काढून घ्या. बेस तुमच्या अंगावर रेलून तसाच उभा राहिला पाहिजे. पहिल्यांदा हे करताना शेजारी कुणालातरी उभं करा. आपल्या घरांतल्या गुळगुळीत फरशीवर पिन हमखास सरकते. तिची रबरी टोपी झिजली असेल तर आधी ती बदला. सतरंजी वाद्यासकट सरकते, त्यामुळे खाली रबरी मॅटच बरी.

ऑर्केस्ट्रातले बरेच वादक उंच स्टुलावर बसतात. तरी सुरुवात उभ्यानेच करावी असं माझं मत आहे, कारण तोल चुकला की उभ्याने लगेच कळतं. मुंबईत असाल तर एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफिलीला जा. 2006 साली सुरू झालेला हा वाद्यवृंद आहे. तिथे एक अख्खी रचना फक्त बेसवाल्यांचे डावे कोपर बघत ऐका.

आता डावा हात. बहुतेक मोठी माणसं वाजवतात त्या थ्री-फोर्थ (पाऊण) आकाराच्या बेसवर नटपासून ब्रिजपर्यंत तार साधारण 105 सेंटीमीटर असते. त्यामुळे मानेच्या वरच्या टोकाला, नटजवळ, एका पूर्ण स्वराचं अंतर 10 ते 11 सेंटीमीटर भरतं. एकेका बोटाला अर्धा स्वर देत चारही बोटं पसरायला गेलं की हात ताणला जातो आणि सूर उतरतो. बेस गिटारवरून आलेली मुलं नेमकं हेच करतात, दर अर्ध्या स्वराला एक बोट. इथे तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढीच वापरायची, म्हणजे 1-2-4. अनामिका करंगळीच्या जोडीने दाबते, एकटी नाही. व्हिएन्नाच्या कॉन्झर्वेटरीत शिकवणाऱ्या फ्रान्झ सिमांडल (1840–1912) यांच्या पद्धतीतली ही बोटं जगभर शिकवली जातात. पुढे बेसवादक फ्रान्स्वा रब्बाथ यांची वेगळी पद्धत भेटेल, पण ती नंतर.

करंगळी दाबताना तिच्या मागची तिन्ही बोटं तारेवर राहू द्या, म्हणजे सगळा भार एकट्या करंगळीवर पडत नाही. अंगठा मानेच्या मागे, मधल्या बोटाच्या समोर. मनगट मोडू नये म्हणून कोपर बरगड्यांपासून सुटं ठेवा, पण खांदा उचलू नका. तार चिमटीत धरून दाबायची नसते. हाताचं वजन मागे सोडायचं, वाद्य अंगावर रेललेलंच आहे, तार आपोआप फिंगरबोर्डला लागते. खात्री करायची असेल तर लांब बोने एक सूर धरा आणि मध्येच अंगठा मानेपासून सोडवा. सूर तसाच टिकला तर वजन बरोबर आहे. आवाज चिरकला किंवा तार खरखरली, तर आतापर्यंत अंगठाच राबत होता.

पोझिशन, म्हणजे मानेवरची हाताची जागा, बदलण्याचा सराव मी तानपुरा लावून करते आणि इतरांनाही तेच सांगते. षड्ज डी (D) ला लावा. 'जी' (G) ही मोकळी तार मग मध्यम होते, पहिल्या पोझिशनमध्ये तर्जनी पंचमावर येते. तिथून हात खाली सरकवत न्या. मान वाद्याच्या अंगाला मिळते त्या वळणात अंगठा अडतो, तेव्हा बऱ्याच वाद्यांवर तर्जनी तार षड्जावर असते. काही वाद्यांची मान वेगळी असते, तिथे अर्धा स्वर पुढे सापडतो, तेव्हा आपल्या वाद्याचं पाहून घ्या. पंचम ते षड्ज आणि परत, अगदी सावकाश. अंगठा बोटांबरोबरच निघाला पाहिजे, मागे राहून ओढला जाता कामा नये. जाताना वजन काढा, पण बोट तारेवरून उचलू नका. षड्ज नेमका लागला की शेजारची मोकळी डी तार स्वतःहून घुमते. 'जी' तार हाताने बंद केली तरी डी तार क्षणभर ऐकू येते.

एवढं करूनही नटजवळचे सूर दाबायला जड जात असतील आणि खाली, ब्रिजच्या बाजूच्या पोझिशनमध्ये हात मोकळा चालत असेल, तर नटच्या खाचा उंच आहेत. त्या वाद्य दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून घासून घ्या, घरी कानस लावू नका. पावसाळ्यात लाकूड फुगून सगळ्याच तारा वर येतात. ब्रिजला उंची कमी-जास्त करायच्या फिरत्या चकत्या असतील तर जूनमध्ये थोडं खाली आणि हवा कोरडी झाली की परत वर घ्या.