ओस पडलेल्या सार्वजनिक इमारतीचं प्रदूषण तपासताना या चुका टाळा

छोट्या गावातली शाळा, दवाखाना किंवा कचेरी वर्षानुवर्षं बंद असते. मग तिथे वाचनालय किंवा सभागृह करायचं ठरतं आणि आत काही घातक तर नाही ना, असा प्रश्न पुढे येतो. कुणीतरी हातमोजे घालून चार पिशव्या माती आणि गिलाव्याचे दोन तुकडे प्रयोगशाळेत धाडतं. ‘आढळले नाही’ असा अहवाल येतो आणि सगळे निर्धास्त होतात. पण प्रयोगशाळा फक्त दिलेल्या तुकड्याबद्दल आणि विचारलेल्या पदार्थाबद्दल बोलते. नमुना चुकीच्या जागेचा असेल, तर अचूक अहवालसुद्धा दिशाभूल करतो.

इतिहास न विचारता नमुने घेणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. पहिला दिवस हत्यारांशिवाय काढा. जुने नकाशे, दुरुस्तीची बिलं, निवृत्त शिपाई, बॉयलर सांभाळणारा माणूस यांच्याकडून जे कळतं ते कुठलंही यंत्र सांगत नाही. विज्ञानाची प्रयोगशाळा कुठल्या खोलीत होती? तिथे फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा लाकडी फळ्यांच्या फटींत आणि बेसिनखालच्या वाकड्या नळीत अनेक वर्षं पडून राहू शकतो. दवाखान्यात एक्स-रे फिल्म धुण्याची खोली होती का? आवारात गाड्यांची दुरुस्ती होत असे का? जनरेटर किंवा बॉयलरसाठी जमिनीखाली तेलाची टाकी पुरली होती का? टाकी विस्मरणात जाते, पण भिंतीलगत वर आलेली तिची हवानळी किंवा तेल भरायच्या नळीचं झाकण बरेचदा तसंच असतं. ते शोधा.

इमारत एकाच वर्षी बांधली असं गृहीत धरू नका. मागून जोडलेल्या खोल्यांत वेगळे रंग आणि वेगळ्या फरश्या असतात. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर 1978 मध्ये बंदी आली आणि पीसीबी या तेलकट रसायनांच्या उत्पादनावर 1979 मध्ये. इतर देशांच्या तारखा वेगळ्या आहेत. म्हणून आपल्या इमारतीचा प्रत्येक भाग कोणत्या साली उभा राहिला हे आधी लिहून काढा.

नुसतं पाहून ॲस्बेस्टॉस ओळखणं

ॲस्बेस्टॉस, म्हणजे बांधकामाच्या सामानात मिसळलेलं तंतुमय खनिज, डोळ्यांनी ओळखता येत नाही. छताचे पत्रे सगळ्यांना आठवतात, पण नळांभोवतीचं वेष्टन, छतावर फवारलेला लेप, जमिनीवरच्या जुन्या टाइल आणि त्यांखालचा काळा गोंद राहून जातो. टाइल आणि गोंद हे वेगळे पदार्थ आहेत, त्यांची तपासणीही वेगळी मागा. फवारलेला लेप सगळीकडे एकसारखा नसतो. त्याचे किमान तीन ठिकाणचे नमुने घ्या, मोठ्या छताला जास्त. टाइलमधले तंतू इतके बारीक असतात की नेहमीच्या सूक्ष्मदर्शकातून ते निसटू शकतात. तिथे नकारार्थी निकाल आला तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासून घ्या.

बंद इमारतीतल्या हवेची चाचणी करून ‘हवा स्वच्छ आहे’ म्हणणं ही याच चुकीची दुसरी बाजू. काहीही न हलवता घेतलेली हवा तोडफोडीच्या दिवसाबद्दल काही सांगत नाही.

शिसं फक्त भिंतीवर शोधणं

रंगावर घासायची रासायनिक पट्टी वरच्या थरापुरती बोलते. शिशाचा थर बहुधा तीन-चार रंगांखाली असतो. हातात धरायचं क्ष-किरण यंत्र आतले थरही वाचतं. बाहेरच्या भिंतीचे पोपडे पावसाबरोबर वळचणीखाली साचतात. त्यामुळे वळचणीच्या ओळीतली माती मधल्या अंगणातल्या मातीत मिसळू नका. वरचे दोन-तीन सेंटिमीटर वेगळे घ्या, कारण मुलांच्या हाताला तोच थर लागतो. फूटभर खोल खणून सगळं एकत्र केलंत, तर शिसं पातळ होऊन अहवाल छान येईल, आणि धोका जागच्या जागी राहील.

ट्यूबलाइटचे जुने चोक आणि खिडक्यांच्या सांध्यांत भरलेला रबरासारखा मसाला यांत पीसीबी असू शकतं. ते शेजारच्या विटेत आणि काँक्रीटमध्येही मुरतं. नुसता मसाला खरवडून काम संपत नाही.

अहवाल आणि डोळ्यांसमोरचं चित्र जुळत नसेल तर

मातीला पेट्रोलचा वास येतोय आणि अहवालात काही नाही? नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत उन्हात फिरला असेल. उडून जाणाऱ्या द्रव्यांसाठी प्रयोगशाळेनेच दिलेल्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटल्या वापरा आणि त्या बर्फात, 4 अंशांच्या आसपास, न्या.

पाऱ्याची वाफ शून्याजवळ आली? त्या वेळी खोली किती गार होती ते पाहा. तापमान 20 वरून 30 अंशांवर गेलं की पाऱ्याचा बाष्पदाब दुपटीहून जास्त होतो. खोली उबदार करून पुन्हा मोजा.

नळाच्या पाण्यात शिसं नाही? नमुन्याआधी कुणी नळ वाहता सोडला होता का, ते विचारा. वर्षानुवर्षं बंद असलेले नळ आधी काही दिवस नेहमीसारखे वापरा, मग पाणी किमान सहा तास नळात साचू द्या आणि पहिली धार घ्या.

आणि ‘आढळले नाही’ याच्या शेजारी छापलेली शोधमर्यादा, म्हणजे त्या चाचणीला पकडता येणारं कमीत कमी प्रमाण, वाचा. ती सुरक्षित पातळीहून वर असेल, तर त्या ओळीला काही अर्थ उरत नाही.

एकट्याने आत शिरणं

कुजलेला माळा, प्राणवायू कमी असलेलं तळघर, कबुतरांच्या विष्ठेचे ढीग. जोडीदाराशिवाय जाऊ नका. विष्ठा कोरडी झाडू नका, आधी ओली करा. साधा कापडी मास्क ॲस्बेस्टॉसचे तंतू अडवत नाही आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर ते उलट हवेत उडवतो.

जे पाहिलं नाही ते न लिहिणं

प्रत्येक नमुन्याला क्रमांक, फोटो आणि नकाशावर खूण हवी, नाहीतर सहा महिन्यांनी तो कुठल्या भिंतीचा हे कुणालाच सांगता येत नाही. पण त्याहून जास्त राहून जातं ते न पाहिलेल्या जागांचं टिपण. खोट्या छताच्या वर चढता आलं नाही, कुलूपबंद खोली उघडली नाही, फरशीखालचा पाइप दिसला नाही, हे अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. दुरुस्तीला येणारा कामगार सगळ्यात आधी ते खोटं छतच पाडणार असतो.