मराठवाड्यात चायनीज एल्मचं बोन्साय आणि पानांवरची बुरशी

एल्मच्या बोन्सायबद्दल सहज सापडणारी माहिती बहुतेक थंड देशांतली असते. तिकडे कोवळी पालवी आणि ओली हवा वसंतात एकत्र येतात, म्हणून फवारणीही तेव्हाच सांगितलेली असते. आपल्याकडे मार्च-एप्रिल कोरडे ठणठणीत. बुरशीचा खरा हंगाम जूनअखेर ते सप्टेंबर. त्यामुळे सगळं वेळापत्रक पावसाळ्याकडे बघून लावावं लागतं.

झाड चायनीज एल्मच घ्या. पान लहान, छाटलं की फुटवे भरपूर. रानातला वावळ याच कुळातला असला तरी त्याचं पान मोठं, छोट्या कुंडीत ते शोभत नाही.

कुंडीत काळी माती नकोच. ओली असताना पाणी सोडत नाही, वाळली की आवळते आणि बारीक मुळं तोडते. वीटभट्टीवरचे तुकडे फोडून चाळा. 3 ते 6 मिलिमीटरचे 2 भाग, धुतलेली जाड वाळू 1 भाग आणि चांगलं कुजलेलं शेणखत 1 भाग घ्या. चाळणीखालची भुकटी टाकून द्या, तिनेच निचरा बंद होतो.

कुंडी बदलायची ती जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, डोळे फुगू लागताना. मुळं एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. मार्च उजाडला तर त्या वर्षी राहू द्या, कारण नव्या मुळांना जम बसायच्या आत पारा चाळिशीला भिडतो. कापलेल्या मुळांतली पेन्सिलीएवढी जाड मुळं फेकू नका. 8-10 सेंटिमीटरचा तुकडा, खोडाकडचं टोक वर आणि मातीबाहेर थोडंसं ठेवून लावला, की त्याला फुटवा येतो.

एप्रिल-मेमध्ये 50 टक्क्यांची शेडनेट, सकाळचं ऊन आणि दोन वेळा पाणी.

आता पानांचं. औषध आणण्याआधी रोग ओळखा, कारण निम्म्या वेळा ती बुरशी नसतेच. कडा करपलेल्या, मधे ठिपका नाही आणि कुंडीच्या काठाला पांढरा थर दिसला, तर दोष बोअरच्या क्षारांचा किंवा उष्ण वाऱ्याचा. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, तर लोह कमी पडतंय. उन्हाळ्यात पान धुरकट-तांबूस होऊन खाली बारीक जाळं असेल, तर लाल कोळी, त्यावर बुरशीनाशक चालत नाही. पानाच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा. बुरशीचा ठिपका वेगळा दिसतो: तपकिरी किंवा काळा, भोवती पिवळी कड, पावसाची झड लागली की वाढणारा, आणि आतल्या-खालच्या दाट पानांपासून सुरू होणारा. हिवाळ्यात पानांवर पांढरी पावडर दिसली, तर ती भुरी.

ठिपके दिसताच रोगट पानं खुडा, मातीवर पडलेलीही वेचा आणि जाळा. बुरशी त्याच पानांत टिकते आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर वर चढते. आतल्या बारीक फांद्या विरळ करा, कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा, पाणी सकाळी आणि मातीलाच द्या. एवढ्यावरही बरेचदा भागतं.

फवारणी पहिल्या मोठ्या पावसाआधी. मॅन्कोझेब 75 टक्के हे बुरशीनाशक, लिटरला 2 ग्रॅम, सोबत स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रावण) अर्धा मिली. कृषी सेवा केंद्रात प्रमाण 15 लिटरच्या पंपाला सांगतात: 30 ग्रॅम म्हणजे लिटरला 2. चमच्याने अंदाज न घेता छोट्या वजनकाट्यावर तोला. पानाच्या दोन्ही बाजू भिजवा. पाऊस चालू असेल तर 10-12 दिवसांनी पुन्हा; पावसात खंड पडला, तर उगाच मारू नका. ठिपके तरीही पसरत असतील, तर पुढच्या वेळी कार्बेन्डाझिम लिटरला 1 ग्रॅम, पण तेच पुन:पुन्हा नको, बुरशी सरावते. कॉपर ऑक्सीक्लोराईड कोवळ्या पालवीवर मारलं तर पानं भाजतात. भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, तेही थंड दिवसांत. 32 अंशांच्या वर पानं जळतात. एल्म औषधांच्या बाबतीत नाजूक, आंतरप्रवाही (झाडाच्या रसात शिरणाऱ्या) कीटकनाशकांनी तर सगळी पानं गाळू शकतो. कोणतंही नवं औषध आधी एका फांदीवर मारून दोन-तीन दिवस बघा. तोंडाला मास्क, हाताला मोजे हवेतच, आणि उरलेलं मिश्रण ठेवून वापरायचं नाही.

पावसाळ्यात युरियासारखं नत्र देऊ नका, मऊ पालवीवर बुरशी आधी बसते. त्याऐवजी मोठ्या कुंडीला चमचाभर निंबोळी पेंड पुरे.

पानं सगळी गळाली, तर नखाने साल खरवडून बघा. आतून हिरवी असेल, तर झाड जिवंत आहे. पानंच नाहीत म्हणजे पाणी कमी लागतं. माती वरून बोटाच्या एका पेराएवढी कोरडी झाल्यावरच द्या. नवी पालवी पक्की होईपर्यंत खत, फांद्यांना वळण द्यायची तार आणि छाटणी तिन्ही थांबवा.