मोहल्ला समिती कशी बांधावी, कशी चालवावी

भिवंडीत १९७० आणि १९८४ साली मोठ्या दंगली झाल्या. १९८८ साली तिथे पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत हिंदू-मुस्लिम रहिवाशांच्या समित्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. तशी समिती आपल्या वस्तीत उभी करता येते.

हद्द छोटी धरा: तीनशे-चारशे घरं, म्हणजे पायी वीस मिनिटांत फिरून होईल एवढी. अख्ख्या वॉर्डाची समिती केली की कोणी कोणाला ओळखत नाही.

सभासद पंधरा ते वीस पुरेत. गणेश मंडळ आणि मशिदीचे विश्वस्त असावेतच; त्यांच्याबरोबर रिक्षा स्टँडवरचा एक जण, किराणा दुकानदार, बचत गटातल्या बायका, शाळेतले शिक्षक आणि भाडेकरूंपैकी कोणी तरी घ्या. भाडेकरू हमखास राहून जातात, आणि नव्या माणसाविषयीच्या अफवा सर्वांत लवकर पसरतात. पक्षाचे पदाधिकारी नकोत. निवडणूक आली की समितीत दोन तट पडतात. सर्व धर्म-जातींचे लोक घ्याच, पण प्रत्येकाचा एकेक ‘प्रतिनिधी’ मोजून बसवला, तर तो आपल्या लोकांची बाजू मांडायलाच येतो.

बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पाऊण तासाची. रात्री नऊची वेळ ठेवाल तर बायका येणार नाहीत. रविवारी दुपारी चार बरी. पहिले तीन महिने धर्म, सलोखा, एकोपा यांवर भाषणं नकोत. तुंबलेलं गटार, बंद पडलेला दिवा, पाण्याची वेळ एवढंच घ्या. प्रत्येक कामाला दोन माणसं नेमा, एक या गल्लीतलं, एक त्या गल्लीतलं. महापालिकेच्या कार्यालयात दोघं तीनदा बरोबर खेटे घालून आले की एकमेकांचे नंबर त्यांच्याकडे असतात, आणि अडचणीच्या रात्री कामाला येतात ते हेच नंबर.

सणाची तयारी दीड महिना आधी सुरू करा. कागदावर मिरवणुकीचा मार्ग काढून त्यावर प्रार्थनास्थळं, दवाखाने, अरुंद वळणं आणि नमाजाच्या वेळा लिहा. वाद बहुधा मार्गावरून होत नाही. मिरवणूक एखाद्या ठिकाणी किती वेळ रेंगाळते त्यावरून होतो. म्हणून थांबे आणि त्यांची मिनिटं लेखी ठरवा. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा बंद. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे सण सरकत येऊन एकत्र पडतात. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरलाच आल्या. मुंबईतला ईदचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्यात आला. असं ठरवायला आधीची ओळख लागते.

अफवा आली की ग्रुपवर वाद घालू नका. दोन्ही समाजांचे दोघं मिळून जागेवर जा, पाहा आणि दोघांच्या नावानं एकच निरोप पाठवा. त्यात फोटो नको. खरंच काही घडलं असेल तर ११२वर फोन करा.

समितीनं काय मिटवू नये, हेही पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. पार्किंग, कचरा, पोरांची भांडणं मिटवा. छेडछाड, जखम होईल अशी मारहाण, जातिवाचक शिवीगाळ यांत तडजोड करायला बसू नका. तक्रारदाराबरोबर ठाण्यात जा. ‘मोहल्ल्याची अब्रू’ म्हणून बाईला गप्प बसवलं, की ती आणि तिचं घर समितीपासून कायमचं तुटतं.

समित्या बहुतेक एकाच कारणानं मरतात: सणाआधी पोलिस बोलावतात, चहा होतो, फोटो निघतो, आणि मग वर्षभर सामसूम. त्यावर उपाय म्हणून दरवर्षी एक तृतीयांश सभासद बदला आणि नोंदवही पाळीपाळीनं वेगळ्या गल्लीतल्या घरी ठेवा. सण संपल्यावर आठ दिवसांत पुन्हा बसा, आणि कोणत्या थांब्यावर किती उशीर झाला ते त्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षीचा नकाशा त्याच पानावरून काढायचा असतो.