कामाला बाहेर जाताना कोणते कागद सोबत ठेवायचे

दिवाळी झाली की आपल्याकडून बीड-जालन्याची पोरं पुण्या-मुंबईला, सुरतला निघायलेत, तर एक काम करा, तिकडं पोलिसांनी अडवून नागरिकत्वाचा पुरावा मागितला तर अडचण नको म्हणून नुसतं आधार खिशात घालून जाऊ नका. आधार ओळखीसाठी आहे, नागरिकत्वाचा पुरावा नाही, २०१६ च्या आधार कायद्यातच तसं लिहिलेलंय.

पासपोर्ट असला तर सगळ्यात भारी, पण तो किती जणांकडं असतो? म्हणून जन्मदाखला काढा, सोबत मतदान कार्ड न शाळेची टीसी. १ जुलै १९८७ च्या आधी इथं जन्मलेल्याला जन्माचा पुरावा पुरतो, नंतरच्यांना आईबापाचे कागद पण लागतात, ते बी आत्ताच गोळा करा.

नावं आधी जुळवून बघा. माझ्या वडिलांचं शाळेच्या रजिस्टरमध्ये म्हादू आणि आधारवर महादेव, एवढ्याशा फरकासाठी तालुक्याला चार चकरा झाल्या, तेव्हा शाळेतून प्रवेश निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल) घेऊन आधीच दुरुस्त करा.

ओरिजिनल घरी पेटीत ठेवा, सोबत झेरॉक्स, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून म्हणजे पावसात भिजत नाहीत, आणि मोबाईलमध्ये डिजिलॉकर (कागदपत्रं ठेवायचं सरकारी ॲप) चालू करून घ्या.

कुणी अडवलं तर शांतपणे झेरॉक्स दाखवा, एखादं ओरिजिनल सोबत असलंच तर ते हातात देऊ नका. अटक केली तर घरी कळवायला लावा, तो तुमचा हक्क आहे, आणि २४ तासात मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागतं. घरचा एक नंबर पाठ करून ठेवा, मोबाईल काढून घेतला तर तोच कामाला येतो.