सारख्याच दोन .३१५ रायफलींतून एक कशी निवडावी

नाशिक जिल्ह्यात रायफलीचा परवाना मिळाला की निवडीला फारसा वाव उरत नाही. परदेशी रायफल आयात करणे सर्वसामान्य परवानाधारकाला जवळजवळ अशक्य आहे आणि .३०३ ही लष्करी बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) म्हणून प्रतिबंधित आहे. त्यामुळे प्रश्न बहुधा दोन .३१५ रायफलींपाशी येऊन थांबतो. एक असते पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातली, तर दुसरी ब्रिटिश अमदानीत बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने बनवलेली आणि आता एखाद्या जुन्या वाड्यातून विक्रीला निघालेली. दोन्हींचे काडतूस एकच आहे आणि दोन्हींचा बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) ली पद्धतीचा, म्हणजे ली-एनफिल्ड लष्करी रायफलीसारखा आहे, म्हणून त्यांची तुलना कागदावरच्या आकड्यांनी करता येत नाही. समोर ठेवलेल्या त्या दोन नगांची प्रत्यक्ष अवस्था पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

रायफल कशासाठी हवी आहे, हे आधी स्वतःशी स्पष्ट करावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली असून बोल्ट ॲक्शनची 'शिकारी रायफल' हे नाव आपल्याकडे केवळ नावापुरते उरले आहे. निफाड-सिन्नरच्या उसात दिसणारा बिबट्या याच कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीतला प्राणी आहे, त्यामुळे त्याच्या संदर्भात बंदुकीचा विचारही करू नये आणि सरळ वनविभागाला कळवावे. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरांच्या बाबतीतही वनाधिकाऱ्यांची लेखी परवानगी हाती असल्याशिवाय पाऊल उचलू नये. मळ्यातल्या एकाकी वस्तीचे संरक्षण, निशाणेबाजी किंवा घराण्यातले हत्यार जतन करणे, एवढेच हेतू शेवटी उरतात. शहरातल्या फ्लॅटसाठी मात्र रायफल घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण या गोळीला वीटकामाची भिंत पुरेसा अडसर ठरेलच याची खात्री नसते.

परवान्याची बाजू थोडक्यात अशी. शहर हद्दीत पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी परवाना देतात. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त अग्निशस्त्रे बाळगता येत नाहीत. त्यामुळे घरात आधीपासून दुनळी आणि पिस्तूल असेल, तर तिसऱ्या हत्याराचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. रायफल हातात घेताच नळी मोकळ्या दिशेला धरावी, मॅगझिन काढावे, बोल्ट मागे ओढावा आणि करंगळी आत घालून चेंबर, म्हणजे काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग, रिकामे असल्याची खात्री करावी. विक्रेत्याने 'रिकामीच आहे' असे सांगितले तरीही हे करावेच, आणि जो विक्रेता त्याला हरकत घेतो त्याच्याकडून खरेदी करू नये.

त्यानंतर क्रमांक पाहावेत. रिसीव्हरवरचा (बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्यावरचा) क्रमांक विक्रेत्याच्या परवान्यावरील नोंदीशी अंक न् अंक जुळला पाहिजे. क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी तो व्यवहार सोडून द्यावा, कारण क्रमांक खोडणे हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. नळी कापून आखूड केलेली रायफलही याच कारणासाठी नाकारावी. बोल्टच्या मुठीच्या बुडाशी क्रमांक कोरलेला असल्यास तोही रिसीव्हरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. ली पद्धतीच्या रायफलीत बोल्टची पकड मागच्या बाजूला असते आणि पुढचे डोके वेगळे, आट्यांवर बसवलेले असते. म्हणूनच एका रायफलीचा बोल्ट दुसरीत सरकला तरी तो तिथे नीट बसेलच असे नाही. पिढ्यान् पिढ्या माळ्यावर पडून राहिलेल्या बीएसएमध्ये अशी अदलाबदल आढळण्याचा संभव अधिक असतो.

बोल्ट बंद केल्यावर काडतुसाच्या मागे किती जागा उरते, हे गेज लावूनच कळते आणि ते काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. तरीही एक गोष्ट सामान्य माणसाला पाहता येते. विक्रेत्याने त्याच रायफलीतून पूर्वी झाडलेल्या काडतुसांची रिकामी पितळी खोकी ठेवली असतील, तर ती मागून घ्यावीत आणि उजेडात फिरवून पाहावीत. बुडाच्या कडेपासून थोडे वर पितळेवर चकचकीत गोल रेघ दिसत असेल, तर खोके त्या ठिकाणी ताणले जात आहे आणि पुढेमागे तिथूनच तुटू शकते. मागची टोपी (पिनेच्या ठोक्याने पेटणारा भाग) बुडाच्या पातळीच्या वर आलेली दिसणे हीसुद्धा सावधगिरीची खूण आहे. पिनेचा ठसा टोपीच्या मध्यावर असावा. या साध्या खोक्यांतून जे कळते, ते विक्रेत्याच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यातूनही कळत नाही.

नळी पाहण्यासाठी बोल्ट पूर्ण काढावा, मागच्या तोंडाशी पांढरा कागद तिरपा धरून त्यावर विजेरीचा प्रकाश पाडावा आणि पुढच्या तोंडातून आत पाहावे. तत्पूर्वी कोरड्या कापडाने नळी पुसून घ्यावी, कारण तेलाचा थर खड्डे झाकतो आणि काही विक्रेत्यांना हे चांगले ठाऊक असते. आतल्या पिळाच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत. जुन्या काडतुसांच्या टोप्यांतील क्षार नळीत ओल धरून ठेवत असत आणि बार काढल्यावर पाण्याने धुतले नाही तर चेंबरच्या पुढे मिऱ्यांसारखे काळे ठिपके पडत. बीएसएच्या काळातल्या रायफलीत हे ठिपके थोडेफार असणारच. ते चेंबरच्या अगदी पुढच्या भागात दाट असतील, तर किमतीवर घासाघीस न करता ती रायफल सोडून द्यावी. नळीत कुठेही अंगठीसारखी काळी सावली दिसली, तर नळी तिथे फुगलेली आहे असे समजावे आणि रायफल जागेवरच परत करावी. शेवटी पुढच्या तोंडाची कड बोटाने चाचपावी. दांडा पुढून घालून वर्षानुवर्षे साफ केलेल्या रायफलीत ही कड एका बाजूला झिजते आणि मग माशी (नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण) कितीही नीट धरली तरी गोळी भरकटते.

दोन्हींतला फरक सर्वांत लवकर जाणवतो तो बोल्ट आणि चाप यांच्यात. रिकाम्या चेंबरमध्ये डमी, म्हणजे बिनदारूचे, काडतूस घालून दोन्ही रायफलींचे बोल्ट चालवून पाहावेत. ली बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या टप्प्यात ताण जाणवतो, कारण स्प्रिंग तेव्हाच ताणली जाते, आणि हा दोष नव्हे. अडखळणे, खरखर किंवा मुठीला लागणारा जादा जोर हे मात्र दोष आहेत. जुन्या बीएसएचा बोल्ट हाताला बहुधा गुळगुळीत लागतो, तर नव्या इशापूरचा सुरुवातीला करकरीत वाटतो. वापराने तो सुधारतो. चाप दोन टप्प्यांत ओढला जातो का आणि बोल्ट जोराने बंद केल्यावर स्ट्रायकर (टोपीवर आदळणारी पिन) आपोआप सुटत तर नाही ना, हे डमी काडतुसावर अनेकदा तपासावे. तो एकदा जरी सुटला तरी रायफल नाकारावी.

मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाच्या बुडाची कड खालच्याच्या कडेपुढे आली पाहिजे, नाहीतर काडतुसे अडकतात, आणि याचा दोष पुष्कळदा विनाकारण रायफलीला दिला जातो. येथेच आणखी एक दक्षता घ्यावी. .३१५ चे काडतूस मूळच्या ८ बाय ५० मॅनलिकर या बुडाशी कड असलेल्या काडतुसावरून आलेले आहे. जर्मन माउझरचे ८ बाय ५७ काडतूसही बोलीभाषेत 'आठ एमएम' म्हटले जाते, पण ते वेगळे आहे. काडतुसाच्या खोक्यावरची आणि नळीवरची खूण वाचूनच काडतूस घ्यावे.

लाकडाकडे लोक कमी लक्ष देतात. दस्ता जिथे रिसीव्हरला भिडतो तिथे बारीक चीर आहे का, हे नखाने चाचपावे. इगतपुरीच्या पावसात लाकूड फुगते आणि येवल्याच्या उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पुढचा लाकडी भाग नळीला एका बाजूने रेटू लागतो आणि निशाण सरकते. दस्त्याची लांबी आपल्या अंगाला मानवते का, हे कोपर काटकोनात ठेवून, दस्त्याचे बूड कोपराच्या वळणात टेकवून आणि बोट चापावर सहज पोहोचते का ते पाहून ठरवावे.

बार काढून पाहणे ही खरी कसोटी असते, पण ती अधिकृत आणि सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर टोपी असलेल्या काडतुसाच्या) रायफलीसाठी मान्य असलेल्या रेंजवरच करावी. एअर रायफलची दहा मीटरची रेंज यासाठी चालत नाही. मळ्यात हवेत बार काढणे तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरू शकते. परवाना विक्रेत्याचा असल्याने गोळ्या त्यानेच झाडाव्यात आणि आपण फक्त लक्ष्य पाहावे. साध्या माशीवर पन्नास मीटरवरून तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडल्या तर मी ती रायफल चांगली मानतो.

दोन्ही रायफली या तपासणीत टिकल्या तर मी बीएसए घेईन, कारण तिची घडण आणि चाप सहसा अधिक सफाईदार असतात. पण तिच्या नळीत खड्डे असतील किंवा बोल्टची जोडी जुळत नसेल, तर कोरलेल्या नावापोटी एक रुपयाही जास्त न देता इशापूर उचलावी. सुटे भाग आणि दुरुस्ती यांच्या दृष्टीनेही तीच सोयीची ठरते.

खासगी विक्री असल्यास विक्रेत्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय रायफल ताब्यात घेता येत नाही, म्हणून पूर्ण रक्कम आधी देऊ नये. नोंद झाल्यावर परवान्यावरचा क्रमांक कार्यालयातच रायफलीशी ताडून पाहावा, कारण चुकलेला एक अंक दुरुस्त करून घेण्यासाठी पुढे नूतनीकरणाच्या वेळी खेटे घालावे लागतात. घरी आणल्यावर ती चामडी खोळीत ठेवू नये. चामडे ओल शोषून घेते आणि पावसाळ्याच्या एका महिन्यात तपासणीवेळची स्वच्छ नळी गंजू शकते.